या हं, वाट बघते

१

सकाळी साडेआठला ऑफिसचं कुलूप मी उघडते. तिसरा मजला, लांबलचक बोळ, बोळाला एकही खिडकी नाही, आणि शेवटी आमचं दुधी काचेचं दार. काचेचा खालचा कोपरा तडकलाय, त्यावर पिवळी चिकटपट्टी आहे. ती मीच मारली. आमच्या मालकीण बाईसाहेब रोज "काच बदलू" म्हणायच्या आणि रोज विसरायच्या.

आत चार टेबलं. खिडकीपाशी माझं. एका कानावर हेडफोन चढवायचा, दुसरा कान मोकळा ठेवायचा आणि पडद्यावरचे ठिपके बघत बसायचं.

आमच्या ॲपचं नाव खुशाली. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी ते काढलंय. उठल्यावर फोनमधलं 'मी ठीक आहे' हे बटण दाबायचं, की माझ्याकडे त्यांच्या नावापुढचा करडा ठिपका हिरवा होतो. दहापर्यंत हिरवा झाला नाही तर मी फोन लावते. उचलला नाही तर त्यांनी दिलेल्या दुसऱ्या नंबरवर लावते. भाची असेल, शेजारी असेल. काम एवढंच. पण एवढ्याशा कामात माणूस आहे की गेला ते कळतं, म्हणून मी त्याला एवढंसं म्हणू देत नाही कुणाला.

मी चौथी शिकलेली. इथे लागले ती फरशी पुसायला. फोनवरच्या पोरी गोड आवाजात "आपली समस्या नोंदवली आहे" म्हणायच्या आणि म्हातारी माणसं वैतागून फोन ठेवायची. एकदा सगळे जेवायला गेले होते, फोन वाजत होता, मी उचलला. एक आजोबा ओरडत होते, पडदा काळा झालाय म्हणून. मी विचारलं, "आजोबा, फोन पालथा तर नाही धरलात?" पालथाच होता. पुढच्या महिन्यात माझ्या हातातलं फडकं गेलं आणि डोक्यावर हेडफोन आला.

बाईसाहेबांनी दोन नियम घालून दिले. तक्रार ज्या शब्दांत येईल त्याच शब्दांत वहीत उतरवायची, आपलं शहाणपण मिसळायचं नाही. आणि माणूस स्वतःच्या तोंडाने "झालं" म्हणेपर्यंत तक्रार मिटली असं लिहायचं नाही.

त्या ठिपक्यांत एक ठिपका माझ्या अक्काचा. थोरली बहीण. दाजी गेल्यावर माझ्याकडे राहायला आली होती. चार महिने राहिली. दोघींच्या जिभा कात्रीसारख्या. खिडकी उघडी ठेवायची की बंद, एवढ्यावरून एक दिवस पेटलं आणि मी म्हणाले, "जा तू तुझ्या घरी." आपल्यात निघणारा माणूससुद्धा 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो, आणि मी सख्ख्या बहिणीला 'जा' म्हणाले. अक्काने पिशवी उचलली, दारात थांबली, म्हणाली, "जाते."

सहा वर्षं झाली. फोनवर बोलतो, भांडतो. पण तिने माझा उंबरा ओलांडला नाही, मी तिचा नाही.

२

सगळ्याला सुरुवात एका बटणापासून झाली, आणि ते बटण माझ्या डोक्यातून निघालं. दुसऱ्या कुणाच्या माथी मारणार नाही.

ॲपमधून निघायचं बटण होतं, 'बाहेर पडा'. एका आजीने फोन करून मला झाडलं, "रोज सकाळी मला बाहेर पडा म्हणतंय मेलं. घर माझं की त्याचं?" मी तसंच्या तसं वहीत लिहिलं. बाईसाहेब हसल्या आणि म्हणाल्या, "मग काय लिहूया?"

"'येते' लिहा. बापयांना 'येतो'. आणि दाबलं की पलीकडून कुणीतरी 'या' म्हणायला पाहिजे. नुसतं येते म्हणून भिंतीकडे बघत बसायचं का?"

आमचा कारागीर, म्हणजे ते ॲप बांधणारा माणूस, मीच त्याला कारागीर म्हणते, चाळिशीचा, पोट पुढे, सदा शीळ घालणारा. त्याने माझ्यापुढे फोन धरला. "बोल."

कुणाला डोळ्यांपुढे आणल्याशिवाय मला बोलता येईना. मी अक्काला आणलं. पिशवी घेऊन दारात उभी असलेली. आणि म्हणाले, "या हं. वाट बघते."

कारागिराची शीळ थांबली. "एकदाच पुरे," तो म्हणाला.

लोकांना ते फार आवडलं. दिवसातून पाच-पाच वेळा ॲप उघडून 'येते' दाबायचे, फक्त ऐकायला. अक्काचा तेवढा तक्रारीचा फोन आला. "मला 'या' काय गं म्हणतेस? परकी आहे का मी? 'ये' म्हण."

"अगं, ते सगळ्यांसाठी आहे."

"हो ना. सगळ्यांना या, आणि मला तेवढं जा."

मी फोन आपटला. ती बोलली ते खरं होतं, म्हणून जास्तच जोरात आपटला.

३

दोन महिन्यांनी, सकाळी अकराच्या सुमाराला फोन आला. बारीक आवाज, बाईचा.

"तुमच्या फोनमधली बाई 'या' म्हणते. मी येते. पण दार कुणी उघडत नाही."

मी ते वहीत लिहिलं. मग विचारलं, "कुठलं दार, आजी?"

"काचेचं. खाली पिवळी पट्टी आहे ते."

मी म्हटलं, येऊन गेली असेल कधीतरी. म्हातारं माणूस, पत्ता विचारत आलं असेल. एवढ्यात तिच्या आवाजामागे लिफ्टची टिंग वाजली. हेडफोनच्या कानात वाजली, आणि तीच टिंग, त्याच क्षणी, माझ्या मोकळ्या कानातही वाजली. दारापलीकडून.

उठून दार उघडलं. बोळ रिकामा. फरशी आत्ताच पुसलेली, अजून ओली, आणि तिच्यावर एक पाऊल नाही. लिफ्ट उघडी उभी होती. आत कुणी नव्हतं.

परत येऊन हेडफोन उचलला. "आजी, आहात का?"

"आत्ता उघडलंस," ती म्हणाली, "पण 'या' नाही म्हणालीस." आणि फोन बंद झाला.

४

नंबर बघितला. बाहेर पडा म्हणून मला झाडणाऱ्या आजीचाच होता. पण तिचं खातं बंद झालेलं होतं, एकोणीस दिवसांपूर्वी. बंद करणारी मीच. त्या सकाळी ठिपका हिरवा झाला नाही म्हणून मीच तिच्या भाचीला फोन केला होता, आणि भाची दार उघडून आत गेली ते फोनवरून मीच ऐकलं होतं.

भाचीला फोन लावला. म्हटलं, पोरंबाळं खेळत असतील मावशीच्या फोनशी.

"पोरं कुठली? फोन माझ्या कपाटात आहे. बॅटरी कधीच संपली. टाकवत नाही म्हणून ठेवलाय." मग तिने विचारलं, "का हो? काही राहिलंय का मावशीचं?"

"नाही, काही नाही," मी म्हणाले. माझ्या जन्मात मी एवढं मऊ बोलले नव्हते.

कारागिराला सांगितलं. तो म्हणाला, नंबर कधीकधी एकमेकांत गुंततात, जुना नंबर नव्या माणसाला देतात. बरं वाटलं. शिकलेल्या माणसाने कारण दिलं की बरं वाटतंच, पटो न पटो. पिवळ्या पट्टीचं काय, ते मी विचारलं नाही. त्यानेही काढलं नाही.

५

मग गुरुजींचा फोन आला.

हे गुरुजी म्हणजे आमच्या सगळ्यांच्या डोक्याला ताप. दर आठवड्याला ॲपमधल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढायचे. त्यांचा ठिपका करडा राहिला त्याला महिना होऊन गेला होता. शेजाऱ्याने कळवलं तेव्हा कारागीर म्हणाला होता, आता चुका कोण काढणार? आणि दिवसभर त्याने शीळ घातली नव्हती.

"बाई," फोनवर गुरुजी म्हणाले, "बोलावून दारात तिष्ठत ठेवायचं, ही कुठली रीत?"

तोच आवाज. 'तिष्ठत' म्हणणारं दुसरं कोण आहे?

माझ्या तोंडून निघालं, "गुरुजी, कुठे आहात?"

"माझा क्रमांक तिसरा. मागे बरीच मंडळी आहेत. निदान खुर्च्या तरी मांडा."

मी दाराकडे बघितलं. दुधी काचेतून माणूस कधी स्पष्ट दिसत नाही, नुसता डाग दिसतो. तर काचेवर डाग होते. एक, त्यामागे एक, त्यामागे आणखी फिकट. हलत नव्हते. टपाल कचेरीत माणसं उभी राहतात ना, पुढच्याला धक्का न देता, तसे.

"कारागीर," मी म्हणाले, "दाराकडे बघ."

त्याने बघितलं. "उन्हाची सावली आहे," तो म्हणाला.

बोळाला खिडकी नाही, हे त्यालाही माहीत होतं.

मी धीर करून फोनवर विचारलं, "गुरुजी, तक्रार मिटवू का?"

"झालं म्हटल्याशिवाय मिटवायची नाही. तूच सांगितलं होतंस मला. आपला नियम आपणच मोडू नये."

त्या आठवड्यात असे नऊ फोन आले. सगळे शब्दांनिशी वहीत आहेत. कुणीही बघावेत.

६

बाईसाहेबांना मी सरळ सांगितलं, माझा आवाज काढा. त्यांना वाटलं मला जास्त पगार हवाय. मी म्हटलं, "पगार चुलीत घाला, आवाज काढा." त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि कारागिराला हाक मारली.

त्याने एका दुपारात काढला. 'येते' गेलं, 'बंद करा' आलं. फोन मात्र महिना झाला तरी थांबले नाहीत.

"का?" मी विचारलं.

"अपडेट ज्यांनी घेतलं त्यांच्याकडून गेला. ज्यांनी घेतलं नाही त्यांच्या फोनमध्ये जुनंच राहणार. फोन चालू असेल तरच अपडेट पोचतं."

"आणि चालू नसेल तर?"

त्याने यादी काढली, जुनं ॲप अजून कुणाकुणाकडे आहे त्याची. बेचाळीस नावं. तो वाचत गेला आणि मी ऐकत गेले. एकेका नावाला मला एकेक सकाळ आठवली. कुणाच्या शेजाऱ्याने दाराची कडी वाजवली ती, कुणाचा मुलगा फोनवरच रडला ती. एकेचाळीस खाती बंद. सगळी मीच बंद केलेली.

एकेचाळिसावं वाचून तो थांबला. बेचाळिसाव्या नावापुढे हिरवा ठिपका होता.

"ही तुझी अक्का ना गं?"

त्या दिवसापासून कारागीर मागच्या लोखंडी जिन्याने ये-जा करायला लागला. "व्यायाम होतो," म्हणाला. एवढं पोट घेऊन तीन मजले, आणि म्हणे व्यायाम. मी हसले नाही.

७

"अक्का, तुझा फोन अपडेट मागत असेल. देऊन टाक."

"महिनाभर मागतोय. मी देत नाही."

"का?"

"खालचा शिंपी म्हणाला, दिलं की तुझा आवाज जाईल."

"जाऊ दे ना तो! भिकार आवाज."

"भिकार तर आहेच," अक्का म्हणाली. "पण 'या' म्हणणारी तू तेवढी त्यातच आहेस."

तिच्याकडे खालून शिलाई मशीनचा खडखडाट येत होता.

"हे बघ," ती म्हणाली, "तू आत्ता तोंडाने 'ये' म्हण. लगेच घेते अपडेट."

एक अक्षर. सहा वर्षं घशात अडकलेलं, ते तिने हात घालून वर आणलं. मी तोंड उघडलं. आणि समोर काचेवर, सगळ्यांत पुढच्या डागाचा हात वर झाला. टकटक करायला उचलावा तसा. तो तसाच थांबला. मी काय म्हणते ते ऐकायला.

मला 'ये' म्हणता आलं नाही. अक्काला उद्देशून म्हणेन, पण ऐकणारे किती होते!

"मीच येते," मी घाईघाईने म्हणाले. "आज संध्याकाळी. समोर बसून अपडेट करून देते."

"येतेस? खरंच?"

"येते म्हटलं ना."

"बरं. ये." लहानपणी दिवे लागले की ती मला अंगणातून हाक मारायची, तसं म्हणाली.

संध्याकाळी बसथांब्यावर गेले. तिच्याकडे जाणारी एक बस आली, गेली. दुसरी आली, गेली. काय बोलायचं दारात? आधी कोण बोलायचं? म्हटलं, उद्या. उद्या लवकर सुटून जाऊ. उद्या काही पळून जात नाही.

८

दुसऱ्या दिवशी बाईसाहेब बाहेरगावी, कारागीर साडेदहाशिवाय येत नाही. मी एकटी.

अक्काचा ठिपका रोज सव्वासातला हिरवा होतो. साडेआठला आले तेव्हा करडा होता. नऊला करडा. साडेनऊला मी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. शिंप्याला लावला.

"बघतो ताई," तो म्हणाला. "फोन चालूच ठेवा, वर चढतोय."

मी पडद्याकडे बघत होते. नऊ बावन्न. ठिपका करडाच, पण त्याच्यापुढे एक ओळ उमटली. "त्यांनी 'येते' दाबले."

आधी 'ठीक आहे', मग 'येते'. अक्काने हा क्रम कधी चुकवला नव्हता.

दारावर टकटक झाली. दोनदा, थांबून एकदा. अंगठीची, काचेवर. अशी टकटक जगात एकच बाई करते.

मनाने लगेच हिशोब मांडला. बसने आली असेल. माझी वाट बघून रागाने स्वतःच निघाली असेल. चाळीस मिनिटं लागतात. दुखरा गुडघा धरून आली असेल, म्हणून फोन उचलला नाही. बघा, किती सरळ आहे. मी अर्धी उठलेसुद्धा.

कानात शिंपी धापा टाकत म्हणाला, "ताई, दार आतून बंद आहे. आतली कडी लावलीय. तोडू का?"

मी दाराकडे बघितलं. सगळ्यांत पुढे एक बुटका डाग होता. एका पायावर भार दिलेला. हातात काहीतरी लोंबतं, पिशवीएवढं.

"तोडू का ताई? बोला ना!"

"तोड," मी म्हणाले.

"अगं," दारापलीकडून आवाज आला, "किती वेळ उभी करतेस?"

एका शब्दाने ते दार कायमचं बंद झालं असतं. मला ठाऊक होता तो शब्द. सहा वर्षांपूर्वी एकदा वापरून झाला होता, आणि अजून तोंड कडू होतं. तिकडे कानात फळी फुटल्याचा आवाज झाला. इकडे मी खिटी सरकवली.

"ये, अक्का," मी म्हणाले.

बोळ रिकामा होता. मला माहीतच होतं. दार धरून मी मान खाली घातली आणि उभी राहिले, पाहुणे आत येईपर्यंत यजमानाने राहावं तशी. कोपराला गार लागत होतं. एकदा, परत, परत. बराच वेळ.

कानात शिंपी हळू आवाजात म्हणाला, "ताई... अक्का खुर्चीत आहेत. खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवलीय. हातात फोन आहे."

मी मागे वळले नाही. पण दाराला लागूनच कारागिराचं टेबल आहे, त्याचा पडदा बंद होता, काळा. मान वर केली तर त्यात खोली दिसली. तिच्या भिंती दिसत नव्हत्या, एवढी माणसं होती. सगळी शांत. आणि दाराच्या कडेला एक पांढरं डोकं गुडघा धरून बाजूला सरकत होतं, मागच्यांना जागा करून देत होतं.

मग माझ्या पाठीमागे एक बारीक आवाज म्हणाला, "झालं."

"झालं," गुरुजी म्हणाले.

"झालं." "झालं." एकामागून एक. मी मोजत होते. एकेचाळीस.

अक्का तेवढी 'झालं' म्हणाली नाही.

९

फोन आता येत नाहीत. बाईसाहेब खूश आहेत, वहीतल्या सगळ्या तक्रारी मिटल्या म्हणून. कारागीर पुढच्या दाराने यायला लागलाय. फक्त मधूनच अंग चोरून चालतो, गर्दीतून वाट काढावी तसा. का ते त्याला विचारलं तर सांगता येत नाही. मी चार खुर्च्या जास्तीच्या मागवल्या. कशाला, ते कुणी विचारलं नाही.

संध्याकाळी सहाला मी दिवे मालवते आणि दारात येते. काय करणार, जन्माची सवय आहे. घर असो, दुकान असो, निघताना तोंडात एकच शब्द येतो. मी ओठ घट्ट मिटून घेते. कारण मागे खोलीभर माणसं माझ्या त्या शब्दाची वाट बघत असतात, उलट 'या' म्हणायला. त्यांना मी भीत नाही. ती परकी आहेत, आणि परक्याने या म्हटलं म्हणून लगेच कुणी जात नाही.

पण अक्काची तक्रार अजून उघडी आहे. मी येते म्हणाले होते, ती ये म्हणाली होती, आणि मी गेले नाही. खिडकीपाशी तिची खुर्ची आहे. रोज मी बंद केलेली खिडकी सकाळी उघडी असते.

या म्हणणार नाही ती मला. ये म्हणेल. आणि ती ये म्हणाली, तर या खेपेला मी बस सोडायची नाही.